ज्युलियस रोझेनवाल्ड आणि दानाची मुदत

आमच्या भाषेत दानशूर ही पदवी फार स्वस्त झाली आहे. ज्याच्या नावाची शिला एखाद्या इमारतीवर बसली तो दानशूर. मग त्या इमारतीत पुढे विद्या नांदो की वाळवी नांदो. रक्कम किती दिली हे ठळक अक्षरांत छापून येते. ती कोणत्या रीतीने दिली, तिच्यामुळे आणखी किती लोकांनी खिशात हात घातला आणि दात्याच्या मागे तिचे काय झाले, हे प्रश्न विचारणे आमच्याकडे बहुधा असभ्यपणाचे मानले जाते. आमच्या मते दानाची खरी परीक्षा याच प्रश्नांनी होते. म्हणून ज्याने हे प्रश्न स्वतःच स्वतःला विचारले आणि त्यांच्या उत्तरांप्रमाणे आपली संपत्ती वाटली, अशा एका अमेरिकन ज्यू व्यापाऱ्याचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

ज्यू समाज आम्हांस परका नाही. कोकणात अलीबागच्या आसपास तेलाचे घाणे चालविणारे आणि शनिवार पाळणारे बेने इस्राएल लोक महाराष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहेत. आणि पुण्यातील ससून रुग्णालय कोणत्या ज्यू घराण्याच्या देणगीची आठवण देते हेही सर्वांस ठाऊक आहे. अमेरिकेतील ज्यूंची गोष्ट मात्र निराळी. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मनीतून आलेले ज्यू पाठीवर गाठोडे घेऊन खेडोपाडी कापडचोपड विकीत फिरले आणि एका पिढीत दुकानदार झाले. त्यांच्याच मागून, १८८१ नंतर, रशियातील छळाला कंटाळून लाखो ज्यू निर्धन अवस्थेत न्यूयॉर्क, शिकागो इत्यादी शहरांत येऊन उतरू लागले. आधी आलेल्यांनी मागून आलेल्यांची सोय लावावयाची, पण ती कोणाच्या अटींवर, या प्रश्नातून तेथील ज्यू समाजाची धर्मादायव्यवस्था घडली; आणि आमचे चरित्रनायक त्याच व्यवस्थेत तयार झाले.

ज्युलियस रोझेनवाल्ड यांचा जन्म १२ ऑगस्ट १८६२ रोजी इलिनॉय प्रांतातील स्प्रिंगफील्ड या गावी, अब्राहम लिंकन यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर झाला. बाप जर्मनीतून आलेला फेरीवाला, पुढे तयार कपड्यांचा दुकानदार. मुलाने शाळा अर्धवट सोडली आणि सोळा-सतरा वर्षांच्या वयात तो न्यूयॉर्क येथे मामांच्या कापडधंद्यात उमेदवारीस गेला. पुढे १८८५ साली त्याने शिकागो येथे शिवलेल्या कपड्यांचा कारखाना घातला. १८९५ साली रोझेनवाल्ड व त्यांचे मेहुणे यांनी मिळून सीअर्स रोबक या टपालाने माल विकणाऱ्या कंपनीचा अर्धा हिस्सा ७५,००० डॉलरांस घेतला. रिचर्ड सीअर्स हा जाहिरातींचा जादूगार. त्याच्या जाहिरातीत जे लिहिलेले असे ते गिऱ्हाइकाच्या हाती पडेलच याचा नेम नसे. रोझेनवाल्ड यांनी माल तपासून घेण्याची, वेळेवर पाठविण्याची व पसंत न पडल्यास पैसे परत करण्याची शिस्त लावली. दूरच्या खेड्यातील शेतकऱ्यास जाडजूड सूचिपत्रावरून नांगरापासून शिलाईच्या यंत्रापर्यंत सर्व घरपोच मिळू लागले, आणि दहा-बारा वर्षांत हे गृहस्थ कोट्यधीश झाले. १९०८ साली सीअर्स निघून गेल्यावर कंपनीची सूत्रे सर्वस्वी त्यांच्याकडे आली. येथवरचे चरित्र अमेरिकेत शेकडो लोकांचे सापडेल.

त्यांच्यात जे वेगळे आले ते शिकागोच्या सिनाय सभामंदिरात. तेथील धर्मोपदेशक एमिल हिर्श हे सुधारकांतील सुधारक होते. त्यांच्या मंदिरात मुख्य उपासना शनिवारऐवजी रविवारी होई, यावरूनच त्यांच्या धिटाईची कल्पना येईल. हिब्रू भाषेत दानास त्सेदाका म्हणतात आणि त्या शब्दाचा धातू न्याय या अर्थाचा आहे. देणाऱ्याने दया दाखविली असे तेथे समजत नाहीत. घेणाऱ्याचे जे होते ते त्यास पोचते झाले, इतकेच समजतात. बाराव्या शतकातील महापंडित मायमोनिडीझ यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. कुरकुरत दिलेले दान सर्वांत खाली. देणारा व घेणारा एकमेकांस अज्ञात असतात ते दान वरून दुसरे. आणि सर्वांत वर कोणते, तर कर्ज देऊन, भागीदारीत घेऊन किंवा काम देऊन माणसास पुन्हा मागण्याची वेळच येऊ न देणे. हिर्श यांनी हा जुना विचार नव्या औद्योगिक शहरास लावून दाखविला, आणि रोझेनवाल्ड यांनी तो जन्मभर सोडला नाही.

त्या शहरात तेव्हा दानाची पद्धत कशी होती? ज्यूंचे रुग्णालय वेगळे, अनाथगृह वेगळे, वृद्धाश्रम वेगळा, नव्याने आलेल्यांस काम मिळवून देणारी कचेरी वेगळी. प्रत्येकाचे वसुली-कारकून दारोदार फिरत. प्रत्येकाचा एक नाच, एक बाजार, एक मेजवानी. आणि तिकिटे खपविण्यात जितका पैसा व जितकी शक्ती खर्च होई त्या मानाने रोग्याच्या वाट्यास काय येई हे न विचारलेलेच बरे. ज्या संस्थेचा अध्यक्ष प्रतिष्ठित, तिची थैली भरे. ज्या संस्थेची गरज मोठी पण चालक गरीब, ती उपाशी राही. यावर उपाय म्हणून बॉस्टन येथे १८९५ साली व सिनसिनाटी येथे १८९६ साली ज्यू संस्थांनी आपले संयुक्त मंडळ केले, आणि शिकागोने १९०० साली तीच वाट धरली. रीत सोपी होती. दात्याने वर्षातून एकदा एकाच ठिकाणी आकडा घालावयाचा. मंडळाने सर्व संस्थांची अंदाजपत्रके मागवून, हिशेब पाहून, ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे वाटणी करावयाची. आणि त्याबदली संस्थांनी तिकिटे व बाजार बंद करावयाचे. संस्थेचा कारभार संस्थेकडेच राही. परंतु ज्याला पैसा हवा त्याला वही उघडी करावी लागे. ही शेवटची अट वाचून आमच्याकडील कित्येक संस्थाचालकांस घाम फुटेल, हे आम्ही जाणतो.

रोझेनवाल्ड या शिकागोच्या मंडळाचे काही वर्षे अध्यक्ष होते. ते स्वतः मोठी रक्कम घालीत, पण त्याहून अधिक म्हणजे इतरांस घालावयास लावीत. एखाद्या श्रीमंताने ऐपतीच्या मानाने हात आखडला तर त्याच्या कचेरीत जाऊन बसण्यास त्यांस संकोच नसे. तथापि या व्यवस्थेत एक खोट होती, आणि ती लपवून हे चरित्र सांगणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. मंडळाची सूत्रे जर्मन ज्यूंच्या हाती, आणि मदत घेणारे बहुतेक रशिया-पोलंडकडील कर्मठ ज्यू. मदत देण्यापूर्वी घरी येऊन चौकशी होई. रुग्णालयात मिळणारे अन्न धर्मशास्त्राप्रमाणे शुद्ध असेल याची खात्री नसे. आणि उपकार करणाऱ्याची नजर उपकार घेणाऱ्यास बोचे. शेवटी १९१२ साली शिकागोतील कर्मठांनी आपले निराळे संयुक्त मंडळ स्थापिले. ते गरिबांच्या पैशांवर चाले, त्यामुळे नेहमी तुटीत असे. पण ते त्यांचे स्वतःचे होते. १९२३ साली दोन्ही मंडळे एक झाली, आणि त्या जुळणीत रोझेनवाल्ड यांचा हात मोठा होता. मागणाऱ्यांच्या प्रतिनिधीस देणाऱ्यांच्या पंक्तीत पाट मिळाला नाही तर संयुक्त हा शब्द पोकळ राहतो, एवढे शहाणपण या भांडणातून त्या समाजास आले.

दरम्यान १९१० साली बुकर टी. वॉशिंग्टन यांचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले. गुलामगिरीत जन्मलेल्या या पुरुषाने अलाबामा प्रांतात टस्कीगी येथे कृष्णवर्णीयांसाठी विद्यालय उभारले होते. रशियात ज्यूंची जी कत्तल होते आणि अमेरिकेच्या दक्षिण भागात कृष्णवर्णीयांस झाडाला टांगून जे मारले जाते, त्या दोहोंत रोझेनवाल्ड यांस काही अंतर दिसले नाही. त्यांनी प्रथम असे जाहीर केले की, जे शहर कृष्णवर्णीय तरुणांच्या ख्रिस्ती संघाच्या इमारतीसाठी ७५,००० डॉलर जमवील त्यास आपण २५,००० देऊ. ज्यूने ख्रिस्ती संघास पैसे द्यावे हे पाहून पुष्कळांच्या भुवया उंचावल्या. पन्नासाव्या वाढदिवशी, १९१२ साली, त्यांनी सुमारे सात लक्ष डॉलर वाटले. त्यांतील २५,००० वॉशिंग्टन यांच्याकडे शाळांकरिता गेले. त्या रकमेतून २,८०० डॉलर उरले. ते परत न करता त्यांतून टस्कीगीजवळच्या खेड्यांत सहा लहान शाळा बांधून पाहाव्या काय, असे वॉशिंग्टन यांनी विचारले, आणि होकार मिळाला.

या सहा शाळांतून काय निघाले ते पाहण्यासारखे आहे. १९३२ पर्यंत पंधरा प्रांतांत ४,९७७ शाळा उभ्या राहिल्या. शिक्षकांची घरे व कामशाळा धरून एकूण ५,३५७ इमारती. खर्च सुमारे २ कोटी ८४ लक्ष डॉलर. त्यात रोझेनवाल्ड यांचा वाटा शेकडा पंधराहून थोडा अधिक, म्हणजे सुमारे ४३ लक्ष. खुद्द कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी व मजुरांनी दिलेले त्याहून जास्त, सुमारे ४७ लक्ष! जवळजवळ दोन-तृतीयांश सरकारी करातून आले आणि थोडेसे गोऱ्या शेजाऱ्यांनी दिले. ज्यांच्याजवळ रोकड नव्हती त्यांनी अंगमेहनत दिली. कोठे शेताचा एक तुकडा राखून त्यातला कापूस शाळेच्या नावाने विकला, कोठे कोंबड्या विकल्या. गावाने आपला वाटा जमविल्याखेरीज फंडाचा पैसा सुटत नसे, आणि इमारत सरकारच्या नावे करून द्यावी लागे. त्यामुळे पुढील खर्चाची जबाबदारी प्रांतिक सरकारांस झटकता येऊ नये, अशी योजना होती. शिकागोच्या मंडळात शिकलेला धडाच येथे कामास आला होता: एकाने सर्व दिले तर बाकीचे पाहत बसतात.

या पद्धतीवर आक्षेप आहेत आणि ते क्षुल्लक नाहीत. कृष्णवर्णीय मनुष्य कर भरीतच होता. त्याच्या कराचा पैसा गोऱ्यांच्या शाळांवर खर्च करून त्यालाच पुन्हा शाळेसाठी वर्गणी द्यावयास लावणे म्हणजे एका मालाची किंमत दोनदा घेणे होय. शिवाय या शाळा वर्णभेदाची चौकट मान्य करून बांधल्या होत्या. हे दोन्ही आक्षेप आम्हांस मान्य आहेत. परंतु तो दोष ज्या सरकारांनी कर खाल्ला त्यांच्या पदरात प्रथम घालावा लागेल. आणि शाळाच नसती तर तेथील मुलांनी चौकट मोडण्याची विद्या कोठे शिकावयाची होती? पुढे नागरिक हक्कांच्या लढ्यात डोके फोडून घेणारे जॉन लुईस अलाबामातील अशाच एका शाळेत अक्षरे गिरवून गेले.

याहून कठीण प्रश्न शिकागोतच विचारला गेला. १९१३ साली इलिनॉय प्रांताच्या चौकशी समितीने मोठमोठ्या दुकानदारांस बोलावून, तुमच्याकडील मुलींस मिळणारा तुटपुंजा पगार आणि शहरातील वेश्याव्यवसाय यांचा संबंध आहे किंवा नाही, असे विचारले. रोझेनवाल्ड यांनी तसा संबंध नाकारला. दक्षिणेतील अन्याय ज्यास हजार मैलांवरून दिसला त्यास स्वतःच्या कोठारात पुडकी बांधणाऱ्या मुलींचा आठवडा कसा निभतो हे दिसू नये, याचे आम्हांस नवल वाटते. तीन वर्षांनी, १९१६ साली, कंपनीने नोकरांस नफ्यात वाटा देणारा फंड काढला. आणि १९२९ साली शेअर बाजार कोसळला तेव्हा कर्ज काढून शेअर घेतलेल्या आपल्या नोकरांस त्यांनी स्वतः हमी राहून वाचविले. पण दानाने पगाराची उणीव भरून निघते असे मानण्याची चूक त्यांच्या हातून काही काळ तरी झाली, असे आम्ही समजतो.

आता महायुद्धाकडे वळू. ऑगस्ट १९१४ अखेर तुर्कस्तानातील अमेरिकन वकील हेन्री मॉर्गेंथाऊ यांची तार आली की, पॅलेस्टाईनमधील ज्यू उपाशी मरत आहेत, ५०,००० डॉलर पाठवा. पैसे ताबडतोब जमले. पण युद्धाचे पाऊल पोलंड व रशियाच्या ज्यू वस्त्यांवर पडताच ही रक्कम समुद्रातील थेंब ठरली. कर्मठांनी आपली समिती काढली, जर्मन ज्यूंनी आपली. एकमेकांच्या हातचे अन्न न खाणारे हे लोक एकत्र वर्गणी मागतील ही आशा व्यर्थ होती. तेव्हा त्यांनी असा तोड काढला: गोळा करताना प्रत्येकाने आपल्या मंडळीत, आपल्या भाषेत, आपल्या रीतीने करावे, वाटताना मात्र एकच हात असावा. २७ नोव्हेंबर १९१४ रोजी संयुक्त वाटप समिती जन्मास आली. अध्यक्ष फेलिक्स वॉर्बर्ग. पुढील वर्षी मजुरांची समितीही येऊन मिळाली, आणि कारखान्यातील शिंप्याची दिडकी व पेढीवाल्याचा धनादेश एकाच तिजोरीत पडू लागले. जातिभेद एका दिवसात मोडत नाहीत असे सांगून जे स्वस्थ बसतात त्यांनी ही युक्ती ध्यानात घ्यावी. त्यांनी भेद मोडले नाहीत; उपाशी माणसाच्या ताटापर्यंत ते पोचू दिले नाहीत, इतकेच.

१९१७ साली एक कोटी डॉलर जमविण्याचा संकल्प झाला, तेव्हा रोझेनवाल्ड यांनी जाहीर केले की, जमणाऱ्या प्रत्येक दहा लक्षांमागे आपण एक लक्ष देऊ, दहा लक्षांच्या मर्यादेपर्यंत. अध्यक्ष विल्सन यांनी तारेने अभिनंदन केले. येथे मायमोनिडीझची गुप्तदानाची पायरी सुटली, हे उघड आहे. पुढे तर या समाजाच्या निधीमोहिमांत भर मेजवानीत एकेकाचे नाव पुकारून आकडा घालावयास लावण्याची प्रथाच पडली. ती दात्याच्या लज्जेवर चालते, श्रद्धेवर नव्हे. पण ज्या घरात मुले उपाशी होती तेथे पोचलेल्या भाकरीस या दोहोंतील फरक कळला नसावा. या बाबतीत आमचे मन अजून दोन्हीकडे झुकते.

रोझेनवाल्ड यांचे सर्वांत मोठे धाडस फसले. संयुक्त समितीने १९२४ पासून सोव्हिएत रशियातील निर्धन ज्यूंस युक्रेन व क्रिमिया येथे जमिनीवर वसविण्याचे काम आरंभिले. माणसास काम देऊन मागण्यापासून सोडविणे, ही मायमोनिडीझची सर्वांत वरची पायरी. रोझेनवाल्ड यांनी १९२८ च्या योजनेत ५० लक्ष डॉलरांचा आकडा घातला. ते झायनवादी नव्हते. पॅलेस्टाईनमधील शेतीसंशोधनास त्यांनी पैसे दिले होते, पण ज्याने त्याने आपल्या देशात सुखाने राहावे असे त्यांचे मत होते. झायनवाद्यांनी कडाडून विरोध केला. हजारो कुटुंबे जमिनीवर बसली, द्राक्षे व गहू पिकू लागले. १९३८ साली स्टालिनच्या सरकारने हे काम बंद पाडले, आणि १९४१ साली जर्मन फौजा आल्या तेव्हा त्या वसाहतींतून जे पळू शकले नाहीत ते बहुतेक मारले गेले. विरोधकांचा तर्क खरा ठरला असे म्हणण्यापूर्वी १९२८ साली १९४१ कोणास दिसत होते, हेही विचारावे. या घराण्यातच तो वाद पुढे चालला: धाकटा मुलगा विल्यम १९३९ साली स्थापन झालेल्या संयुक्त ज्यू निधीच्या संस्थापकांत होता, तर थोरला लेसिंग १९४३ पासून झायनवादविरोधी परिषदेचा अध्यक्ष झाला.

ज्या मतासाठी आम्ही हे चरित्र मुद्दाम निवडले ते आता सांगतो. रोझेनवाल्ड यांस कायमच्या निधीचा तिटकारा होता. मुद्दलास हात न लावता यावच्चंद्रदिवाकरौ फक्त व्याज खर्चावे, ही जी सर्व देशांतील धर्मादायाची रूढी, तीवर त्यांनी १९२९ साली एका मासिकात लेख लिहून हल्ला केला. सेंट लुई शहरातील मलनफी या गृहस्थाचा दाखला त्यांनी दिला. हे गृहस्थ १८५१ साली वारले. पश्चिमेस वस्ती करण्यास निघालेल्या व वाटेत अडलेल्या प्रवाशांसाठी त्यांनी मोठी मिळकत ठेवली. पुढे आगगाडी झाली, बैलगाड्यांचे तांडे संपले, आणि निधी पात्र प्रवासी शोधीत बसला. आमच्या वाचकांस असे दाखले शोधण्यास दूर जावे लागणार नाही. ज्या वाटेने आता कोणी चालत जात नाही तिच्यावरील धर्मशाळा व पाणपोया प्रत्येकाने पाहिल्या असतील. मुंबई राज्यात १९५० साली झालेल्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेच्या कायद्याने मूळ हेतू अशक्य झाल्यास न्यायालयाकडून तो बदलून घेण्याची सोय केली आहे. पण त्यासाठी विश्वस्तांस आपला हेतू मेला आहे हे कबूल करावे लागते, आणि तेच त्यांस जड जाते.

रोझेनवाल्ड यांचे म्हणणे, प्रत्येक पिढीत तिच्या दुःखांसाठी देणारे नवे लोक निपजतील. मेलेल्याने जिवंतांच्या गरजा ठरवू नयेत. त्याप्रमाणे त्यांनी १९१७ साली स्थापिलेल्या फंडाची १९२८ साली पुनर्रचना करताना अट घातली की, आपल्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांच्या आत व्याज व मुद्दल दोन्ही खर्चून फंड मिटवावा. शिकागोतील औद्योगिक संग्रहालयास त्यांनी तीस लक्ष डॉलर देऊ केले, पण त्यास आपले नाव देऊ नये असा आग्रह धरला. या विचारातही एक व्यावहारिक गफलत होती. फंडाची जवळजवळ सर्व भिस्त सीअर्सच्या शेअरांवर होती. १९२९ नंतर त्यांचा भाव इतका घसरला की, कबूल केलेली देणी भागविण्यास फंडास दुसऱ्या संस्थांपुढे हात पसरावा लागला.

६ जानेवारी १९३२ रोजी रोझेनवाल्ड वारले. त्यांच्या हयातीतील व फंडाच्या द्वारे दिलेल्या सर्व देणग्या मिळून सुमारे ६ कोटी ३० लक्ष डॉलर होतात असे मानतात. शाळा बांधण्याचे काम त्याच वर्षी संपले. एडविन एम्ब्री यांच्या हाताखाली फंडाने उरलेला पैसा मुख्यतः माणसांवर खर्च केला: मरियन अँडरसन, लँग्स्टन ह्यूज, राल्फ बंच यांस शिष्यवृत्त्या मिळाल्या, आणि केनेथ क्लार्क व त्यांच्या पत्नीस, वर्णभेदाने लहान मुलांच्या मनावर काय परिणाम होतो याच्या अभ्यासासाठी. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा बेकायदा ठरविल्या तेव्हा निकालपत्रात क्लार्क यांच्या कामाचा आधार घेतला. तो निकाल पाहण्यास फंड उरला नव्हता. १९४८ सालीच शेवटची देणगी देऊन हिशेब पुरा करण्यात आला व कचेरी बंद झाली. दात्याने घालून दिलेल्या मुदतीपैकी तेव्हा नऊ वर्षे शिल्लक होती.